खेळ खेळणारे आणि खेळ रचणारे

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आम्ही काही माजी विद्यार्थी शाळेची नवी इमारत पाहत फिरत होतो. संगणक कक्षात आठवीतला एक विद्यार्थी एकटाच बसला होता. आमची चाहूल लागताच त्याने पडद्यावरचे चित्र घाईने मिटवले. बरेच आढेवेढे घेऊन अखेर त्याने ते पुन्हा उघडले. जेवणानंतर ताटे धुण्याची वसतिगृहातील रांग, एकच नळ, मध्येच जाणारे पाणी आणि घंटा होण्याआधी ताट स्वच्छ करून पळणारा मुलगा, असा तो खेळ होता; आणि तो त्याने स्वतः रचला होता. मग लपवला कशासाठी? कक्षाच्या दारावर पाटी आहे : ‘संगणकावर गेम खेळण्यास सक्त मनाई आहे.’

पाटीमागचा हेतू आम्हांस ठाऊक आहे. आमच्यापैकी अनेकजण आज पालक आहेत आणि रात्री अकरा वाजता मोबाईलमध्ये मान घातलेले मूल पाहण्याचा अनुभव आम्हांलाही नवा नाही. तथापि खेळ खेळणे आणि खेळ रचणे या दोन्ही क्रिया एकाच पाटीखाली याव्यात, हे आम्हांस मान्य नाही.

संगणकावरील खेळांचा इतिहास पाहिला तर त्यातील कितीतरी नव्या कल्पना हौशी मंडळींच्या हातून आलेल्या दिसतात. १९८२ साली ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त संगणक विक्रीस आला. तो घरच्या टीव्हीला जोडावा लागे आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने त्यात भरावा लागे. सुरू केल्यावर समोर येई तो आज्ञेची वाट पाहणारा, जवळजवळ रिकामा पडदा. त्या रिकामेपणाने शाळकरी मुलांना लिहिते केले. मॅथ्यू स्मिथ या सतरा वर्षांच्या मुलाने १९८३ साली ‘मॅनिक मायनर’ हा वीस गुहांचा खेळ लिहिला. या संगणकावर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग दाखवता येत. त्या अडचणीतूनच त्या काळच्या खेळांना त्यांचे खास रूप आले.

त्यानंतरच्या वर्षी मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ रचला. त्यांच्या कचेरीतील यंत्रावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी कंसाची चिन्हे जोडून ठोकळे तयार केले. पुढे तो खेळ आयबीएम पीसीवर आणण्याच्या कामात वादिम गेरासिमोव हा सोळा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याला त्या यंत्राजवळ बसू दिले गेले, एवढे आम्ही पालकांच्या नजरेस आणून देतो.

आम्हांस सर्वाधिक जवळचे वाटणारे उदाहरण जपानच्या दाइसुके अमाया यांचे आहे. त्यांनी फावल्या वेळात सुमारे पाच वर्षे खपून ‘केव्ह स्टोरी’ हा खेळ केला. कथा, चित्रे, संगीत, प्रोग्रॅम सारे एकट्याचे. संगीत रचण्यासाठी लागणारे साधनदेखील त्यांनी स्वतःच लिहिले. सुरुवातीचे बरेचसे काम मनास येईना, तेव्हा ते बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. आणि २००४ साली खेळ पूर्ण झाल्यावर तो लोकांना विनामूल्य दिला. झालेले काम टाकून देण्याची मुभा पगारी माणसाला सहसा नसते. तारीख ठरलेली असते, पैसा गुंतलेला असतो. हौशी माणसाला कोणी विचारणारे नसते. त्याच्या निर्मितीचे बळ आमच्या मते इथे आहे. (अर्थात कोणी विचारणारे नसल्यामुळेच बहुसंख्य हौशी खेळ अर्धवट राहतात, हेही खरे.)

‘यातून पोट भरेल का?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत एरिक बॅरोन यांना पदवीनंतर नोकरी मिळेना, म्हणून सराव व्हावा या हेतूने त्यांनी एक शेतीचा खेळ लिहावयास घेतला. नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत चार वर्षांहून अधिक काळ ते त्यात गुंतले होते. २०१६ साली आलेल्या त्या ‘स्टार्ड्यू व्हॅली’च्या आजवर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. पण हे उदाहरण मुलांपुढे श्रीमंतीची वाट म्हणून ठेवू नये, असे आम्हांस आग्रहाने वाटते. असा एखादाच निघतो.

आमचे म्हणणे त्या आठवीतल्या मुलापुरते आहे. पाणी केव्हा जाईल हे खेळणाऱ्याला आधी कळू नये, म्हणून त्याने संगणकाकडून दर वेळी वेगळी संख्या मागवली होती. पाणी वारंवार गेले तेव्हा मित्र कंटाळून उठले. क्वचित गेले तेव्हा खेळात गंमत उरली नाही. तेव्हा मित्रांना पुन्हा पुन्हा बसवून त्याने तो आकडा बदलून पाहिला. प्रयोग करणे, चूक शोधणे, दुसऱ्याचा कंटाळा ओळखणे हे सारे त्याने मनाईच्या पाटीखाली, चोरून केले. टंकलेखनाच्या तासाला त्याला शंभरपैकी किती गुण मिळतात, हे आम्ही विचारले नाही.

शाळा समितीकडे आमचे मागणे लहान आहे. शनिवारी सायंकाळी दोन तास हा कक्ष खेळ रचणाऱ्या मुलामुलींसाठी खुला असावा. स्क्रॅच, गोडो यांसारखी साधने विनामूल्य मिळतात आणि एकदा संगणकावर उतरवून घेतली की इंटरनेटवाचूनही चालतात, त्यामुळे खर्चाची किंवा मुले भलतीकडे भरकटण्याची सबब फारशी उरत नाही. देखरेखीस शिक्षकांवर भार नको. आमच्यापैकी जे जवळपास राहतात ते आळीपाळीने येतील. पाटी काढावी असेही आम्ही म्हणत नाही. तिच्याखाली ‘स्वतः रचलेल्या खेळास ही मनाई लागू नाही’ अशी एक ओळ वाढवावी.

निघताना त्या मुलाने आम्हांलाच एक प्रश्न विचारला. खेळात दुसरा नळ आणावा असे त्याच्या मित्रांचे म्हणणे आहे. पण दुसरा नळ आला तर रांगच राहणार नाही, मग खेळ कसला? आमच्यात यावर दोन मते पडली. शनिवारी कक्ष उघडला, तर दोन्ही प्रकारे करून पाहता येईल.