खाड्याचा दंड आणि तंदुरुस्तीचं बक्षीस



चाळीसगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर बैठक होती. मुकादमाचा ट्रक यायला चार दिवस राहिले होते. बांधाबांध बाजूला ठेवून बायका तासभर बसल्या. आमच्यातल्या एकीने वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली, की शहरातल्या काही कंपन्या तब्येत सांभाळणाऱ्या नोकरांना वर पैसे देतात. पुढे बसलेली एक बाई पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "ताई, आम्हले ते आजारी पडानाच दंड शे!"

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली, म्हणून हे लिहिते आहे.

बातमी खोटी नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये झेरोधा या बंगलोरच्या शेअर दलाली कंपनीने जाहीर केलं, की ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, पंचविसाच्या खाली असेल त्यांना अर्ध्या महिन्याचा पगार बक्षीस. आपल्या महाराष्ट्र पोलिसांत तर ही कल्पना जुनीच आहे. तिथे तिशी ओलांडलेल्या, पण वजन ताब्यात ठेवून चाचणी पार करणाऱ्यांना कित्येक वर्षं महिना २५० रुपये तंदुरुस्ती भत्ता दिला गेला.

यात वाईट काय, असं कुणी विचारेल. वरवर पाहता काहीच नाही. पण बक्षीस कुणाच्या हाती लागतं ते पाहा. ज्याच्याकडे सकाळी चालायला तास आहे त्याच्या. २०२४ च्या सरकारी पाहणीत बाईचे दिवसाकाठी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि पुरुषाची ८८, असं दिसलं. बारा तासांची ड्यूटी करून घरी चूल पेटवणाऱ्या महिला पोलिसाने धावायचं कधी? तिच्या तब्येतीला २५० रुपयांपेक्षा चार तासांची सुटका जास्त मोलाची. जानेवारी २०२२ मध्ये पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांची पाळी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा आदेश काढला. तब्येतीसाठी खरं काही करायचं तर ते असं करावं लागतं.

आणि वजनाचा काटा तरी काय सांगतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आमच्या वस्तीवरची वाळलेली, चक्कर येऊन बांधावर बसणारी बाई त्या काट्यावर अगदी तंदुरुस्त ठरेल!

आता तिच्याकडे वळू. दिवाळीच्या सुमाराला आपल्या तालुक्यातून ट्रक निघतात. कुणी कन्नडचा घाट चढून जातं, कुणी गुजरातकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. एक दिवस जोडीतलं कुणी पडून राहिलं की खाडा. खाड्याचा दंड दिवसाला ५०० रुपयांपर्यंत, तोही उचलीतून वळता. पाळी आली, पोटात दुखलं, अंगावरून जातंय, कारण काहीही असो, हिशोब एकच.

हा हिशोब बाईला कुठे नेतो, ते बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. प्रत्येक वेळी कुणी हात धरून नेलं असं नाही. फडात मोरी नाही, पाणी नाही, आजार अंगावर काढलेला, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि वर खाड्याची टांगती तलवार. मग बाईच म्हणते, काढून टाका एकदाची. याला तिची मर्जी म्हणायचं का?

बक्षीस आणि दंड एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोन्हींचं म्हणणं एकच, की तब्येत ही तुझी एकटीची जबाबदारी. कामाचे तास, कामाची जागा, घरातलं ओझं यांचा तिच्याशी संबंध नाही. पैसा कुठे लावायचा हेही मालक नाहीतर सरकार ठरवतं. कामगार राज्य विमा योजनेत साध्या आजारपणाला मजुरीच्या सत्तर टक्के मिळतात, नसबंदीला मात्र पूर्ण मजुरी, पुरुषाला सात दिवस आणि बाईला चौदा! आणि ऊसतोडीच्या बाईला तर या योजनेचा वाराही लागत नाही.

म्हणून आपण बक्षीस मागू नये. आजारी पडण्याचा हक्क मागावा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. त्या पैशातून हंगामात आजारपणाचे आणि पाळीचे काही दिवस भरपगारी मिळावेत. खाड्याचा दंड बेकायदा ठरवावा. फडाजवळ मोरी, पाणी आणि आठवड्यातून एकदा बाई डॉक्टर हवी. कोयत्यातला तिचा अर्धा हिस्सा तिच्या नावाने, तिच्या हातात पडावा.

येत्या हंगामाआधी आपापल्या तालुक्यात एक काम करू या. परतलेल्या बायकांबरोबर बसून कुणाचे किती खाडे पडले आणि किती रुपये कापले, ते वहीत उतरवू. मुकादमाच्या वहीत ते आहेतच. आपल्या वहीत आले, की मग मोर्चा नेताना हातात कागद असेल.