निलंग्यात आम्ही किती जण?

मंडळी, आधी आकडे सांगून टाकतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 23 लाख, घनता दर चौ. किमीला 365. आमचा लातूर जिल्हा 24 लाख 54 हजार, घनता 343. म्हणजे लातूर अगदी सरासरी! पण त्या सरासरीत गडचिरोलीचे 74 आहेत आणि मुंबई उपनगरचे जवळपास 21 हजारही. राज्यात शहरी लोक 45 टक्के, लातुरात जेमतेम चौथा हिस्सा. सरासरीवरून गावाकडचं काही कळत नाही, एवढंच खरं.

निलंग्याची तर गंमतच आहे. कर्नाटकाच्या सीमेवरचं, तेरणा-मांजराकाठचा तालुका असलेलं आमचं गाव जागचं हललं नाही, पण जिल्हे तीन पाहिले. 1956 पर्यंत बीदर, मग उस्मानाबाद, 1982 पासून लातूर. आजोबांची नोंद बीदरात, वडिलांची उस्मानाबादेत, माझी लातुरात. घर तेच. :)

असो. खरा मुद्दा 2011 चा. फेब्रुवारीत शाळेतले गुरुजी फॉर्म घेऊन घरी आले. मी तेव्हा हिंजवडीत, धाकटा हैदराबादेत. गुरुजींनी घरात दोघंच लिहिली. आई म्हणाली, "गुरुजी, दोन कसे ओ? चौघं हाव की आमी. लेकरं कामाला गेल्यात, घर सोडून न्हाई!"

चूक गुरुजींची नव्हती. मोजणीच्या सगळ्या दिवसांत माणूस घरी नसेल तर जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. माझ्यासारख्याला त्याने फरक पडत नाही. मी खरंच पुण्याचं पाणी पितो, तिथले रस्ते अडवतो. मला पुण्यात मोजा.

पण मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी, ऐन ऊसतोडीच्या हंगामात होती. बीड, धाराशिव, लातूरकडच्या तांड्या-वाड्यांतली माणसं दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्यात परततात. ती फडावर मोजली गेली, तर आकडा फडाच्या गावाचा. तिथे कोप्या, ना शाळा ना रेशन. आणि गावाकडच्या अंगणवाडीच्या, नळाच्या हिशोबात ती नाहीत. फडावरही कोणी पोचलं नाही, तर कुठेच नाहीत. फॉर्ममध्ये जन्मस्थान, आधीचा मुक्काम, स्थलांतराचं कारण विचारतात. दरवर्षी जाऊन परत येणाऱ्यासाठी रकानाच नाही.

हे नुसतं आकड्यांचं खूळ नाही हो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कोणत्या राज्यात किती लोकांना धान्य, हे 2011 च्या लोकसंख्येवर ठरलं. 2009 च्या विधानसभेचे मतदारसंघ 2001 च्या डोक्यांवर आखलेले होते. एकदा चुकलेली एंट्री दहा-पंधरा वर्षं चालते. 2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि नवी संदर्भ तारीख ठरली 1 मार्च 2027. पुन्हा फेब्रुवारीचीच मोजणी, पुन्हा तोडणीच चालू!

माझं म्हणणं इतकंच: तारीख बदलता येत नसेल तर फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा, "वर्षातले किती महिने इथे राहता, आणि बाकीचे कुठे?" आम्ही ऑफिसात क्लायंटच्या एका ईमेलवर असले कॉलम वाढवतो, तेही शुक्रवारी संध्याकाळी.