तारा: नाव छोटं, बायोडेटा मोठा

ऑफिसातल्या कुणाच्या घरी मुलगी झाली की आधी पेढे येतात, मग व्हॉट्सअ‍ॅपवर नावांची यादी. त्या यादीत हल्ली एक नाव हमखास असतं. तारा! दोनच अक्षरं, स्पेलिंगची कटकट नाही, उद्या लेक लंडनला गेली तरी तिथल्या बॉसची जीभ वळणार. अर्थ विचाराल तर उत्तर तयार, 'स्टार'. झालं, विषय संपला.

थांबा, संपला नाही. खरी गंमत पुढेच आहे.

संस्कृतात 'तारा' म्हणजे आकाशातला तारा, हे बरोबरच. इंग्रजीतलं 'स्टार' आणि फारसीतलं 'सितारा' ही त्याच शब्दाची लांबची भावंडं. पण याच नावाला आणखी एक अर्थ आहे, 'तृ' या धातूतून आलेला. तृ म्हणजे तरून जाणं, पार करणं. आपण मराठीत 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतो ना, तेच ते. तारा म्हणजे पैलतीराला नेणारी. एक अर्थ लांबून चमकणारा, दुसरा हात धरून पाण्यात उतरणारा. आता बघा, कुणी कुठला उचलला.

आपल्या पुराणांत दोन तारा ठळक आहेत. पहिली देवगुरू बृहस्पतीची बायको. चंद्र तिला घेऊन गेला, त्यावरून देव-दानवांचं युद्ध पेटलं, शेवटी ब्रह्मदेवाने मध्यस्थी करून तिला परत पाठवलं. एवढ्या राड्यात तिचं म्हणणं विचारलं गेलं ते एकाच मुद्द्यावर, पोटातलं बाळ कुणाचं? तिने सांगितलं, चंद्राचं. तो मुलगा म्हणजे बुध.

दुसरी तारा रामायणातली, वालीची बायको. हिच्याकडे पक्की खबर होती. एकदा मार खाऊन पळालेला सुग्रीव लगेच पुन्हा ललकारतोय, म्हणजे त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे, आणि तो राम आहे, हे तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. जाऊ नकोस, समेट कर, म्हणाली. वालीने ऐकलं नाही. मीटिंगमध्ये सगळ्यात मुद्द्याचं बोलणारीचंच म्हणणं बाजूला पडतं, हा अनुभव काही फक्त आजचा नाही! पुढे लक्ष्मण भडकून किष्किंधेत शिरला तेव्हा त्याला शांत करायला सुग्रीवाने पाठवलं कुणाला? तारालाच.

आता बौद्ध परंपरेत चला. इथे तारा ही कुणाची बायको नाही. ती स्वतःच तारणारी आहे. सिंह, हत्ती, आग, साप, चोर, तुरुंग, पूर, पिशाच्च अशा आठ महाभयांतून सोडवणारी. तिबेटमध्ये तिची हिरवी आणि पांढरी रूपं घरोघरी पुजली जातात. हिरव्या तारेचं चित्र नीट बघा. डावा पाय आसनावर दुमडलेला आणि उजवा खाली सोडलेला, हाक आली की लगेच उठता यावं म्हणून. पांढऱ्या तारेला सात डोळे. चेहऱ्यावर तीन, बाकीचे तळहातांवर आणि तळपायांवर.

तिची गोष्ट तर अफलातून आहे. तिबेटी पंडित तारानाथाने 1604 मध्ये तारेच्या परंपरेचा इतिहास लिहिला, त्यात ती आहे. फार पूर्वी ज्ञानचंद्रा नावाची एक राजकन्या होती. तिची साधना बघून भिक्षू खूश झाले आणि म्हणाले, आता पुढचा जन्म पुरुषाचा माग, म्हणजे मार्ग सोपा होईल. त्यावर तिचं उत्तर असं, की स्त्री-पुरुष ही नुसती लेबलं आहेत. पुरुषदेहात राहून बोधी मिळवू पाहणारे भरपूर आहेत, स्त्रीदेहात राहून जगाचं भलं करणाऱ्या थोड्या. तेव्हा संसार रिकामा होईपर्यंत मी बाईच राहणार! प्रमोशन नाकारून स्वतःच्या अटींवर काम करणारी देवी. तिचं नावच पुढे तारा पडलं.

मग ही तारा हिंदू की बौद्ध? हा प्रश्न बंगालमध्ये विचारून बघा. तिथे बीरभूम जिल्ह्यात तारापीठ आहे, आणि दहा महाविद्यांमध्ये कालीनंतर ताराच येते. निळसर काळी, व्याघ्रचर्म नेसलेली, उग्र. पण तिच्या जटेत बसलेल्याचं नाव 'अक्षोभ्य', आणि अक्षोभ्य म्हणजे बौद्धांच्या पाच ध्यानी बुद्धांपैकी एक! शाक्त ग्रंथ म्हणतात, तो शिवच, हलाहल पिऊनही क्षुब्ध न झालेला. त्याहून कमाल म्हणजे हिंदू तंत्रग्रंथांतच कथा आहे की वसिष्ठ ऋषींना तारेची उपासना साधेना, तेव्हा ते महाचीन देशी जाऊन बुद्धाकडून ती शिकून आले. उधारी एवढ्या मोकळेपणाने कोण कबूल करतं?

आणि हे सगळं फार लांबचंही नाही. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत तारा आहे, औरंगाबादच्या लेण्यांतही आहे. पुढच्या विकेंडला रिसॉर्टऐवजी तिकडे गाडी वळवा. इतिहासात डोकावलात तर औरंगजेबाशी झुंजणारी महाराणी ताराबाई भेटेल, आणि 1882 मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहून पुरुषांनाच खडे सवाल करणाऱ्या ताराबाई शिंदेही. नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी या दोघींचं उदाहरण लक्षात ठेवावं.

तेव्हा बारशाला तारा नाव ठेवत असाल तर बिनधास्त ठेवा. फक्त लेक मोठी झाली आणि 'आई, माझ्या नावाचा अर्थ काय गं?' म्हणून विचारलं, तर नुसतं 'स्टार' सांगून गप्प बसू नका. सांगा, तुला वाचवायला कुणी यायची वाट बघायची नाही. तू स्वतः तरायचंस, आणि जमलं तर आणखी चौघांना तारायचंस.

आणि हो, त्या चौघांत एखादा वाली निघाला, तर त्याला दोनदा सांगायचं. तिसऱ्यांदा नाही.