इंजिन बदललं म्हणून गाडी बाटत नाही

जुन्या स्पोर्ट्स कारचं मूळ इंजिन काढून दुसरं बसवलं की गाडी बाटली, असं मानणारा एक पंथ आहे. कारखान्यातून आलं तेवढंच अस्सल, बाकी सगळी भेसळ. इतिहास मात्र वेगळं सांगतो. १९६२ साली कॅरोल शेल्बी यांनी ब्रिटिश एसी एस या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्मली. एमजीच्या एमजीबी गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ केन कॉस्टेलो यांनी आधी आपल्या हिमतीवर बसवलं. १९७३ साली खुद्द एमजीनं तशी गाडी विकायला काढली. इंजिन ॲल्युमिनियमचं, म्हणून चाराचे आठ सिलिंडर होऊनही नाक जड झालं नाही. त्या 'रोव्हर' इंजिनाचा मूळ आराखडा तरी अमेरिकेतल्या ब्यूकचा होता.

दुसरी ओरड खुद्द हौशी मंडळींची: कायदा या छंदाच्या मुळावर उठलाय. त्यासाठी बोट दाखवलं जातं कॅलिफोर्नियाकडे, कारण तिथं १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी चुकत नाही. पण तिथं इंजिन बदलायला बंदी नाही. नवं इंजिन गाडीच्याच सालातलं किंवा त्यानंतरचं हवं, त्याच वर्गातल्या वाहनाचं हवं आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत यायला हवी. सरकारमान्य रेफ्री गाडी तपासतो आणि दाराच्या चौकटीत लेबल चिकटवतो. पुढच्या तपासण्या त्या लेबलाप्रमाणे होतात.

यात जाचक काय आहे?

खरी कसोटी गॅरेजात लागते. १९९३ची माझ्दा आरएक्स-७ घ्या. तिच्या १.३ लिटरच्या दोन टर्बोंच्या रोटरी इंजिनात रोटरच्या टोकांवरचे सील झिजतात आणि हे इंजिन उघडून पुन्हा बांधणारा मेकॅनिक सहज मिळत नाही. म्हणून अनेक जण जनरल मोटर्सचं ५.७ लिटरचं एलएस१ बसवतात. मग माउंटिंग नवं, गिअरबॉक्स वेगळा, प्रोपेलर शाफ्ट मापानं बनवलेला, रेडिएटर मोठा. एवढं जमतं. घोडं अडतं वायरिंगपाशी. इंजिनाच्या संगणकाला ऑक्सिजन सेन्सरचा आणि टाकीतल्या वाफेचा हिशेब लागतो. तो मिळाला नाही की डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही आणि गाडी नापास होते. भंगारातून नुसतं इंजिन उचलून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथंच सोडून येणारा इथं फसतो. दोष नियमाचा नाही, अर्धवट कामाचा आहे.

भारतात मात्र तक्रारीला आधार आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील निर्मात्यानं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होता कामा नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये केरळच्या जयचंद्र प्रकरणात तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. चोरीचं इंजिन, न पेलणारे ब्रेक ही धास्ती रास्तच आहे. पण बंदीनं ती मिटत नाही. लपून बदललेल्या गाडीचे ब्रेक कुणीच तपासत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

वाट याच कायद्यात आहे. सीएनजी किटला मान्यता मिळते, ते अधिकृत केंद्रात बसतं आणि आरसीवर नोंद होते. अशा किटची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. इंजिन बदललेल्या गाडीचा धूर आणि ब्रेक तिनं तपासावेत, आरटीओनं इंजिनाच्या खरेदीची पावती पाहून नवा नंबर चढवावा.