रंग आणि योग्यता

मोराच्या पिसाचा निळा रंग कोठून येतो, असें वर्गांत विचारलें असतां "तो मोराचा मूळचाच रंग आहे," यापलीकडे उत्तर मिळत नाहीं; आणि पालकमंडळींचें उत्तरहि बहुधा याहून निराळें नसतें. पण तेंच पीस खलांत घालून अगदीं बारीक कुटलें तर निळाई पार नाहींशी होते व काळसर तपकिरी पूड तेवढी उरते. हळद कितीहि कुटा, ती पिवळीच! याचें कारण असें कीं, मोराच्या पिसांत निळें द्रव्य मुळीं नसतेंच. मेलॅनिन नांवाच्या काळसर द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या तेथें जाळीसारख्या रचलेल्या असतात. त्यांमधील अंतरानुसार प्रकाशाच्या ठराविक लहरी परस्परांस बळ देतात आणि तेवढाच रंग आपल्या डोळ्यांस दिसतो. अंतर किंचित् वाढलें कीं निळ्याचा हिरवा होतो.

उलटपक्षीं, ठाण्याच्या खाडींत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग हा खऱ्या द्रव्याचाच. परंतु तो उसना, शेवाळांतून व बारीक जलजीवांतून पोटांत गेलेला. त्यांचीं पिलें करडींच असतात.

मेलॅनिन मात्र प्राण्याच्या शरीरांतच घडतें. प्रथिनांतील टायरोसीन या द्रव्यावर टायरोसिनेज नांवाच्या विकराची क्रिया होऊन त्याची उत्पत्ति होते. सयामी मांजरांत हें टायरोसिनेज उष्णतेपुढें टिकत नाहीं. म्हणून जेथें अंग थंड, त्या कानांवर, नाकावर, पंजांवर आणि शेपटीवर तेवढा काळेपणा चढतो. आईच्या उबदार पोटांतून आलेलें पिलूं जवळजवळ पांढरेंच असतें.

रंग घडतो कसा हा एक प्रश्न, आणि तो टिकतो कां हा दुसरा. या दोहोंची गल्लत फार होते. इंग्लंडांतील मँचेस्टर येथें मिरपूड शिंपडल्यासारख्या दिसणाऱ्या फिक्या पतंगांत 1848 सालीं एक काळा पतंग आढळला. 1895 पर्यंत तेथील शेंकडा 98 काळे झाले. धुरानें ते काळे केले, असें म्हणणें चूक. काळेपणा आनुवंशिक बदलानें आला. काजळलेल्या झाडांवरचे फिके पतंग पांखरांनीं वेंचून खाल्ले, म्हणून काळे उरले. 1956 सालच्या कायद्यानंतर हवा निवळत गेली, तसे फिके पुन्हा वाढले. तेव्हां कोणता रंग चांगला? ज्या झाडावर बसावयाचें त्यावर तें अवलंबून!

आतां पालकांशीं थोडें रोखठोक बोलतों. सांवळ्या व गोऱ्या माणसाच्या त्वचेंतील रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक आहे तो मेलॅनिनच्या कणांच्या आकारांत, प्रमाणांत व पसरणींत. तेंच मेलॅनिन कडक उन्हांतील अपायकारक किरण अडवितें. असें असूनहि "मुलगी हुशार आहे, पण सांवळी," हें वाक्य तिच्यादेखत उच्चारलें जातें, आणि मग ती बिचारी गुपचूप गोरेपणाचीं मलमें आणते. त्यांतील कांहींत पाऱ्याचे क्षार असतात. ते टायरोसिनेजचें काम थांबवितात हें खरें. पण मूत्रपिंडेंहि बिघडवितात.

हा धडा केवळ परीक्षेपुरता शिकवून भागणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि स्नेहसंमेलनांत परीचें काम गोऱ्या मुलीस व राक्षसाचें काळ्या मुलास देण्याची जी वहिवाट पुष्कळ शाळांतून चालते, ती येत्या संमेलनापासूनच बंद करावी.