सासूबाईंची खालची कवळी

इस्लापूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंची वरची कवळी छान बसली, खालची मात्र डबीतच असते. भाकरी दुधात कुस्करून खातात, पाहुणे आले की तोंडाला पदर लावून बसतात. नांदेडच्या डॉक्टरांनी जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवू म्हटले आहे. पण अडकवायची कशाने?

सासूबाईंना हट्टी म्हणू नका हं! वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो. खाली जीभ सारखी हलते, आणि दात गेल्यावर खालचे हाड झिजतेही जास्त. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशांसाठी दोन इम्प्लांटवरची खालची कवळी हीच पहिली निवड ठरवली.

ब्लाउजचे टिचबटण आठवा. गोळ्याच्या प्रकारात इम्प्लांटवर छोटा गोळा आणि कवळीत रबरी कडी असते. साधा, त्या मानाने स्वस्त प्रकार. लोकेटर म्हणजे बुटके बटण, आत नायलॉनची चकती. जागा थोडी असली किंवा इम्प्लांट जरासे तिरके बसले तरी चालते. फक्त बटणाच्या खळग्यात अन्न साचते, ते रोज ब्रशने काढावे लागते. तिसरा प्रकार पट्टीचा. पकड उत्तम, पण खर्च आणि जागा जास्त, शिवाय पट्टीखालची सफाई किचकट. लोहचुंबकाचीही कवळी असते. काढायला सोपी, पकड मात्र कमी.

आपल्याला वाटते, जितकी घट्ट तितकी चांगली. पण बोटे संधिवाताने आखडलेली असतील तर ती रात्री काढणार कोण? तुम्हीच ना! मी तरी लोकेटरच निवडीन, आणि सुरुवातीला हलक्या पकडीची चकती मागीन. डॉक्टरांकडचा नमुना सासूबाईंच्याच हातात देऊन काढघाल करून पाहा.

कडी काय, चकती काय, झिजणारच, बदलावी लागते. तेवढ्यासाठी इस्लापूरहून रेल्वेने नांदेड गाठायचे, तर ती तिथे नेहमी मिळते का, हे आधीच विचारा. कंपनीचे नाव आणि माप चिठ्ठीवर लिहून घ्या, रेशनकार्डाबरोबर ठेवा. खर्च झेपत नसेल तर नांदेड, लातूरच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करा.

मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. इम्प्लांट हाडात पक्के व्हायला साधारण तीन महिने लागतात. तोवर भाकरी दुधातच.