पोराच्या कानाला कुंपण

आई-बाबांनो, आरे-वारेच्या एका ताईंनी विचारले आहे : धाकटा मोबाइलवर शाळेचे धडे ऐकतो. पडवीत समुद्राची गाज, म्हणून आवाज चढवतो. दुकानदार म्हणतो, आवाजाला मर्यादा घातलेले मुलांचे हेडफोन घ्या. पैसे जरा जास्त पडतात. घ्यावेत का?

ताई, आधी कानाचे ऐका. आतल्या कानात ऐकण्याच्या नाजूक पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. भाताला दुबार पेरणी असते, कानाला नसते. शिवाय हे नुकसान दुखत नाही, म्हणून लवकर कळतही नाही.

आता खोक्यावरचा आकडा पाहा. बहुधा 85 डेसिबल असतो. ही मर्यादा मूळची कारखान्यात 8 तास राबणाऱ्या मोठ्या माणसांची. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर जाहीर केलेल्या मानकात मुलांसाठी हिशेब आहे तो 75 डेसिबलला आठवड्याचे 40 तास असा. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. त्या हिशेबाने 85 वर आठवड्याला जेमतेम 4 तास उरतात! मर्यादा आहे म्हणून दिवसभर कानाला लावावे, असे नव्हे.

म्हणून आधी बिनपैशाचे उपाय करा. धडा माजघरात, दार लोटून ऐकू द्या. घरात शांतता असेल तर हेडफोन हवेतच कशाला? पुष्कळ मोबाइलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते. ती शाळेतल्या गुरुजींकडून किंवा थोरल्या मुलाकडून लावून घ्या.

एवढे करूनही घरात गलबला असेल, तर जरूर घ्या. पण कानात खुपसायचे नकोत, कान झाकणारे घ्या. बाहेरचा आवाज अडला की पोर आतला चढवत नाही. मर्यादा 75 च्या जवळची मागा. काहींत ती वायरीतच असते, वायर बदलली की मर्यादा गेली. दुकानात हे विचारा आणि आवाज पूर्ण चढवून आधी स्वतः ऐका.

घरी आणल्यावर एक परीक्षा करा. हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. पोराने ओ दिली नाही, तर आवाज जास्त आहे. अर्ध्या-पाऊण तासाने कानाला विसावा द्या. आणि समुद्राकडेच्या वळणावळणाच्या रस्त्यावर चालताना किंवा सायकलवर हेडफोन मुळीच नको. मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही.

पोर वारंवार 'काय?' म्हणू लागले, कानात गुंई आवाज येतो म्हणाले, तर घरगुती तेल न घालता कानाच्या डॉक्टरांकडे न्या.

ताई, कुंपण घातले तरी शेताची राखण चुकत नाही. तसेच हे.